खाऱ्या पाण्यातली तहान

मंडळी, उधाणाचे पाणी बांधाला खांड पाडून भाताच्या खाचरात शिरले की काय होते, हे कोकणातल्या खार जमीनवाल्यांना सांगायला नको. थोड्याच दिवसांत पानांचे शेंडे करपतात. एका आजींनी आम्हांला विचारले, "बाबांनो, रोप घोटाभर पाण्यात उभं, मग वाळतं कसं?" प्रश्न अगदी खरा आहे. पाण्यात उभे राहूनही रोपाला तहान लागते.

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवा. थोड्या वेळाने भांड्यात पाणी सुटते. ते आपण घातलेले नसते. मिठाने फोडीतून ओढलेले असते. रोपाच्या मुळाचेही तसेच होते. मूळ, खोड, पान, सगळे बारीक पेशींचे बनलेले असते. पेशी म्हणजे पाण्याने भरलेली इवलीशी पिशवीच म्हणा ना; नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. बाहेर मीठ फार झाले, की पेशीला पाणी ओढता येत नाही. उलट आतलेच पाणी बाहेर जाऊ लागते.

पण पेशी गप्प बसत नाही. पानांवरची बारीक छिद्रे मिटतात, म्हणजे पाणी कमी उडते. पेशी आपल्यात साखरेसारखे पदार्थ साठवते आणि त्यांच्या जोरावर पाणी धरून ठेवते. आत शिरलेले मीठ ती बाहेर ढकलते, नाहीतर पोटातल्या एका कप्प्यात कोंडते. याला ताकद लागते. होडीत पाणी शिरले, तर वल्हवायचे सोडून उपसत बसावे लागते, तसेच हे! म्हणून रोप जगले तरी फुटवे थोडे आणि दाणे पोचट.

तिवराचे झाड मात्र खाडीतच वाढते. उन्हाळ्यात त्याचे पान चाटून पाहा, खारट लागेल. ते झाड पानांतून मीठ बाहेर टाकते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते; भाताला दोन-तीन ग्रॅमसुद्धा जड जाते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने मीठ सोसणाऱ्या 'पनवेल १', '२' आणि '३' या जाती काढल्या आहेत. पण सोसणे म्हणजे आवडणे नव्हे, बरे का!

भात कोवळेपणी आणि फुलोऱ्यात फार नाजूक असतो. म्हणून पावसाने खाचर चांगले धुऊन निघाल्याशिवाय लावणी करू नका. आधी खाचरातले पाणी बोटाने चाखून बघा. खारट लागले, तर ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडून द्या आणि पुन्हा पावसाचे पाणी भरू द्या.