मुखपृष्ठावर नसलेला माणूस

ऑगस्ट २०२१ मध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’ या संगीतविषयक मासिकाचं एक मुखपृष्ठ प्रसिद्ध झालं आणि चेन्नईत वादाला तोंड फुटलं. मुखपृष्ठावर दोन तमिळ कलावंत होते. एक ऑस्ट्रेलियात वाढलेली गायिका धी आणि दुसरा टोरांटोचा रॅपर शान विन्सेंट द पॉल. दोघांचीही मुळं श्रीलंकेतली. त्यांचं कौतुक चाललं होतं ते ‘एन्जॉय एन्जामी’ आणि ‘नीये ओळि’ या गाण्यांसाठी. ही दोन्ही गाणी लिहिली होती अरिवु या तरुण दलित कवी-गायकानं. पहिलं गाणं तर तो धीच्या बरोबरीनं गायलाही होता. मुखपृष्ठावर तो कुठेच नव्हता.

‘एन्जॉय एन्जामी’ ७ मार्च २०२१ रोजी आलं आणि काही महिन्यांत कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं. ताल असा की पाय थांबत नाहीत, पण आशय वेगळाच. ज्यांनी झाडं लावली, मळे फुलवले, त्यांच्या वाट्याला जमिनीचा तुकडाही आला नाही, अशा माणसांचं हे गाणं आहे. अरिवुची आजी वळ्ळियम्माळ श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेली. तिच्या आठवणींतून हे शब्द आले, असं अरिवु सांगत आला आहे, आणि गाण्याच्या व्हिडिओत ती दिसतेही. या आठवणींमागे मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी मद्रास इलाख्यातून मजूर सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, नेले. त्यांत दलित जातींचे लोक फार मोठ्या संख्येनं होते. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राबूनही १९४८ मध्ये, सिलोन स्वतंत्र होताच, त्यांतल्या बहुतेकांचं नागरिकत्व गेलं. मग ३० ऑक्टोबर १९६४ रोजी भारताचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिलोनच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला आणि ५ लाख २५ हजार माणसं भारतानं परत घ्यावीत असं ठरलं. त्या माणसांना कुणी काही विचारलं नव्हतं. ज्यांना विचारलं गेलं नाही त्यांच्याबद्दलचं हे गाणं, आणि त्याच्या कौतुकाच्या वेळी ते लिहिणाराच वगळला गेला.

दिग्दर्शक पा. रंजित यांनी हे जाहीरपणे बोलून दाखवलं. मासिकाला आणि ‘माज्जा’ या संगीत कंपनीला त्यांनी थेट विचारलं, की अदृश्य केल्या गेलेल्यांची बाजू मांडणारी ही गाणी लिहिणाराच पुन्हा अदृश्य कसा होतो? सोशल मीडियावर हजारोंनी तो प्रश्न उचलून धरला. थोड्याच दिवसांत मासिकानं अरिवुचं स्वतंत्र डिजिटल मुखपृष्ठ काढलं.

इथं शत्रू कुणीच नव्हता, आणि म्हणूनच या प्रकरणापाशी थोडं थांबायला हवं. मासिक या गाण्यांच्या बाजूनंच उभं होतं. ‘माज्जा’ स्वतंत्र कलावंतांना व्यासपीठ मिळावं म्हणून निघाली होती आणि तिच्यामागे ए. आर. रहमान होते. धी आणि अरिवु सहकलाकार. संगीत निर्माते संतोष नारायणन यांनी पा. रंजित यांच्या चित्रपटांना संगीत दिलेलं. सगळे एकाच विचारांचे. उघड विरोधकाशी भांडताना माणसाला निदान समोर कोण आहे हे ठाऊक असतं. आपल्या माणसांना ‘इथं काहीतरी चुकतंय’ असं सांगणं फार अवघड. सांगणारा कृतघ्न ठरतो, चळवळीत फूट पाडणारा ठरतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आपल्या आयुष्यभराच्या भूमिकेवरच बोट ठेवलं जातंय.

परक्यानं केलेला भेदभाव ओळखणं त्यामानानं सोपं. वर्णद्वेष ओळखायला चेन्नई शिकलेली नाही असं मुळीच नाही. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. त्यानंतर भाजपचे माजी खासदार तरुण विजय ‘अल जझीरा’ वाहिनीवर बोलायला बसले. भारतीय लोक वर्णद्वेष्टे असते तर दक्षिणेतल्या काळ्या लोकांबरोबर राहिलेच नसते, अशा आशयाचं काही ते बोलून गेले. तमिळनाडू खवळून उठला आणि विजय यांना माफी मागावी लागली. या देशात ‘आम्ही’ म्हणजे कोण आणि दक्षिणेतले लोक कोण, हा त्या एका वाक्यातला भेद चेन्नईच्या माणसानं क्षणात पकडला. पण याच शहरात, तमिळ चित्रपटांत नायक सावळा चालतो आणि नायिका मात्र उत्तरेतून आणलेली गोरीच लागते, हे वर्षानुवर्षं फारसं कुणाला खटकलं नाही. ‘विमेन ऑफ वर्थ’ या चेन्नईच्याच संस्थेनं, कविता इमॅन्युएल यांच्या पुढाकारानं, २००९ मध्ये ‘डार्क इज ब्युटिफुल’ ही मोहीम सुरू केली. देशभर तिचा बोलबाला झाला तो २०१३ मध्ये, अभिनेत्री नंदिता दास तिच्याशी जोडल्या गेल्यावर. रंगावरून रोज टोमणे ऐकणाऱ्या मुली त्याआधीही बोलतच होत्या.

कुणी म्हणेल, जात वेगळी आणि वंश वेगळा, मग दोन्ही एकाच दमात कशाला? हा वाद जुना आहे. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला संयुक्त राष्ट्रांची वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा दलित कार्यकर्ते मोठ्या संख्येनं तिथं पोचले. भारत सरकारनं जातीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर येऊ नये म्हणून जोर लावला, आणि अंतिम मसुद्यात जात आली नाही. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीनं मात्र जन्मावर आधारलेला भेदभाव, जातीसह, आपल्या कक्षेत येतो असं स्पष्ट केलं. महाराष्ट्राला हे नातं समजावून सांगायची गरज पडू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्यांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना. आणि १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली ती ‘ब्लॅक पँथर’चं नाव घेऊनच.

डर्बनसाठी झटलेल्यांत रूथ मनोरमा होत्या. जन्म मद्रासचा, १९५२चा. पुढचं काम बेंगळुरूमध्ये झोपडपट्ट्यांत आणि घरकामगार बायकांत. १९९५ मध्ये त्यांनी दलित स्त्रियांचा स्वतंत्र राष्ट्रीय महासंघ उभा केला. स्त्री चळवळ होती, दलित चळवळही होती, मग वेगळी चूल कशाला, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. एकीकडे सगळ्या बायकांच्या नावानं सवर्ण बायका बोलत, दुसरीकडे सगळ्या दलितांच्या नावानं पुरुष, हे त्याचं उत्तर होतं. महाराष्ट्रात ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी त्याआधीच, १९८९ मध्ये, ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केलं होतं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्यापाशी बसून, त्यांच्याच तोंडून ऐकलेला तो इतिहास आहे. स्वतःच्या चळवळीचं असं चिकाटीनं ऐकून घेणारी पुस्तकं आजही थोडी आहेत.

चेन्नईत हे काम गाण्यानं केलं. ६ जानेवारी २०१८ रोजी किल्पॉक भागात ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम झाला. पा. रंजित यांचं ‘नीलम कल्चरल सेंटर’ आणि संगीतकार तेन्मा यांनी मिळून ही मंडळी जमवली होती. नावामागे प्रेरणा होती शंभर वर्षांपूर्वीचे बौद्ध विचारवंत अयोत्ती दास यांची. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांत मयताच्या रात्री गायली जाणारी गाना गाणी त्या रात्री रॅप आणि रॉकच्या साथीनं मंचावर आली. अरिवु याच वृंदातला. याच वृंदात इसैवाणी होती. गाना म्हणजे पुरुषांचा प्रांत. त्यात गाणारी ही मुलगी २०२० मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत पोचली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘नीलम’नं ‘मार्गळियिल मक्कळिसै’ हा लोकसंगीताचा उत्सव सुरू केला, ज्या महिन्यात शहरातल्या संगीत सभांमध्ये कर्नाटक संगीताच्या मैफली रंगतात नेमका त्याच महिन्यात. ही वेळ निवडण्यात एक ठाम विधान होतं आणि शहराला ते बरोबर कळलं.

एवढं सगळं होऊनही २०२२ उजाडलं तेव्हा प्रश्न जिथल्या तिथं होता. २८ जुलैला चेन्नईच्या नेहरू इनडोअर स्टेडियममध्ये बुद्धिबळ ऑलिंपियाडचं उद्घाटन झालं. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री समोर बसलेले. ‘एन्जॉय एन्जामी’ सादर केलं धी आणि लोकगायिका किडक्कुळी मारियम्माळ यांनी. अरिवु तेव्हा अमेरिकेत होता. काही दिवसांनी त्यानं इन्स्टाग्रामवर लिहिलं, की हे गाणं आपण रचलं, लिहिलं, गायलं, सादर केलं, आणि कुणी आपल्याला चाल किंवा शब्द दिलेला नाही. संतोष नारायणन यांनी सविस्तर उत्तर दिलं. मूळ कल्पना दिग्दर्शक मणिकंदन यांची, संगीत आपलं, आणि उत्पन्नात आपण, धी व अरिवु तिघंही सारखेच वाटेकरी, असं त्यांचं म्हणणं. आपण अरिवुचं श्रेय कधीच नाकारलं नाही, असं धीनंही लिहिलं.

मग जे व्हायचं तेच झालं. कोण खरं, कोण खोटं, यावर दोन तट पडले. कुणी अरिवुला हावरट म्हटलं, कुणी धीच्या रंगावरून आणि तिचे सावत्र वडील संतोष नारायणन यांच्या ओळखीवरून उणीदुणी काढली. विशीतल्या एका गायिकेला झोडपून जातिअंत जवळ येत नाही. पण अरिवुची तक्रार चालीच्या मालकीपुरती नव्हती. दोन वर्षांत दुसऱ्यांदा, आपल्याच लोकांच्या सोहळ्यात, आपल्याशिवाय आपलं गाणं उभं राहतं आणि सभागृहातल्या कुणालाही त्यात उणीव जाणवत नाही, हे तो सांगत होता. याचं उत्तर ‘आमच्या मनात तसं काही नव्हतं’ हे असू शकत नाही, कारण मनाबद्दल त्यानं विचारलंच नव्हतं. बोलावणं कुणाला गेलं, नाव कुठे छापलं, करार कुणाशी झाला, पैसे कुणाच्या खात्यात आले, एवढंच तपासायचं होतं, आणि त्यासाठी कुणाचं काळीज उघडून पाहायची गरज नव्हती.

करार आणि पैसे यांच्याबद्दल त्या गदारोळात सगळ्यांत कमी बोललं गेलं. मार्च २०२४ मध्ये संतोष नारायणन यांनीच एका व्हिडिओत सांगितलं, की गाणं येऊन तीन वर्षं झाली तरी त्यातून आपल्याला, धीला किंवा अरिवुला एक रुपयाही मिळालेला नाही, आणि हिशेबाची मागणी करूनही हाती काही आलेलं नाही. गाण्याच्या श्रेयावरून ज्यांचे चाहते दोन वर्षं एकमेकांवर तुटून पडले होते, ते तिघंही या बाबतीत एकाच रांगेत उभे होते.