पाण्याच्या तपासणीतील काटकसर



कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात वॉकर्टन हे सुमारे ५,००० वस्तीचे गाव आहे. मे २००० मध्ये मुसळधार पावसाबरोबर जवळच्या शेतातील शेणखताचे जंतू तेथील एका उथळ विहिरीत उतरले. पाण्यात पुरेसे क्लोरीन नव्हते. ७ माणसे दगावली, २,००० हून अधिक आजारी पडली.

दोष केवळ हलगर्जी कर्मचाऱ्यांचा नव्हता. १९९६ मध्ये प्रांतिक सरकारने खर्च वाचविण्यासाठी नगरपालिकांच्या पाण्याची सरकारी प्रयोगशाळांतील तपासणी बंद केली. पुढे खाजगी प्रयोगशाळेला नमुने दूषित आढळले. परंतु आरोग्याधिकाऱ्यांस कळविण्याचे कायदेशीर बंधन तिच्यावर नव्हते. ते असते तर शेकडो लोक आजारातून वाचले असते, असा न्यायमूर्ती ओ'कॉनर यांच्या चौकशीचा निष्कर्ष आहे.

श्रीमंत देशात हे घडले. आपल्या कित्येक लहान शहरांत नळाला तास-दोन तासच पाणी येते आणि एरवी रिकाम्या नळांत फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी शिरते. ऐपतदार घरात शुद्धीकरण यंत्र बसवितो. मजुराने काय करावे? म्हणून कार्यकर्त्यांनी नगरपालिकेकडे आग्रह धरावा : टोकाच्या वस्तीतील नळाच्या पाण्यात क्लोरीन किती उरते, याचा तक्ता दर आठवड्यास जाहीर फलकावर लागलाच पाहिजे.