शेवटच्या दिवसाचा हिशेब



आखातातल्या कंपन्यांची पगारपत्रकं, लेखे आणि मनुष्यबळाची कामं सांभाळणारी मराठी माणसं या सभागृहात जमली आहेत. अध्यक्षीय भाषणात व्यवसायाच्या भवितव्यावर बोलायची रीत आहे. ती आज बाजूला ठेवून एकाच कागदावर बोलायचं आहे: नोकरी संपवून घरी निघालेल्या कामगारापुढे सहीसाठी सरकवला जाणारा फायनल सेटलमेंटचा कागद. तो बहुतेकदा इंग्रजीत किंवा अरबीत असतो. तिकीट काढून झालेलं असतं, व्हिसा कॅन्सल व्हायला टाकलेला असतो. समोरचा वेल्डर किंवा ड्रायव्हर तळाची रक्कम बघतो आणि सही करतो. ती रक्कम आली कुठून, हे त्याला कुणी समजावलेलं नसतं.

समजावणं अवघड नाही. संयुक्त अरब अमिरातीत २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू असलेल्या कामगार कायद्यानुसार, वर्षभर सलग नोकरी झालेल्या परदेशी कामगाराला पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा बेसिक पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगाराहून जास्त होऊ शकत नाही. बिनपगारी रजेचे दिवस धरत नाहीत. सगळी देणी नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत चुकती करायची असतात. जुन्या कायद्यात बेमुदत करारावरच्या माणसाने लवकर राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटीला कात्री लागायची. ती तरतूद आता गेली. भारतातल्या ग्रॅच्युइटीच्या पाच वर्षांच्या अटीवरून इथला अंदाज बांधणाऱ्यांना हे मुद्दाम सांगायला हवं, कारण इथे एका वर्षातच हक्क तयार होतो.

आता खरी मेख. समजा, खेड तालुक्यातल्या एका वेल्डरला दुबईत महिन्याला २,००० दिरहॅम मिळतात. ऑफर लेटरमध्ये त्यातले १,००० बेसिक आणि बाकीचे १,००० घरभाडं, प्रवास, जेवण अशा अलाउन्समध्ये वाटलेले आहेत. आठ वर्षांनी तो निघतो. पाच वर्षांचे १०५ दिवस, पुढच्या तीन वर्षांचे ९०, एकूण १९५ दिवस. महिना ३० दिवसांचा धरला तर हाती येतात ६,५०० दिरहॅम. त्याच्याच शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा एकूण पगार तेवढाच, पण बेसिक १,५०० असेल, तर त्याला ९,७५० मिळतात. काम सारखं, वर्षं सारखी, दरमहा घरी जाणारे पैसेही सारखे. फरक पडला तो आठ वर्षांपूर्वी, ऑफर लेटरवरच्या एका रकान्यात. तो रकाना भरणारे हात पुष्कळदा आपल्यापैकीच कुणाचे असतात, म्हणून हा विषय या संमेलनाचा आहे.

सौदी अरेबियात गणित वेगळं आहे आणि तिथे वेळेला फार महत्त्व आहे. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी अर्ध्या महिन्याचा, त्यानंतर दर वर्षी पूर्ण महिन्याचा पगार. आणि तिथे आधार नुसत्या बेसिकचा नसून ठरलेल्या भत्त्यांसह शेवटच्या पगाराचा असतो. पण कामगाराने स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांपर्यंत काहीच नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश आणि दहा वर्षं झाली की पूर्ण. २,००० रियाल पगाराच्या माणसाने नऊ वर्षं नऊ महिन्यांवर राजीनामा दिला, तर सव्वासात महिन्यांच्या हिशेबाने १४,५०० रियाल होतात आणि त्यातले सुमारे ९,६६७ हाती पडतात. तोच माणूस आणखी तीन महिने थांबला असता तर १५,००० घेऊन गेला असता. घरी लग्न निघालं, आई आजारी पडली, म्हणून माणसं घाईने राजीनामा देतात. काही जणांना थांबणं शक्यच नसतं, त्यांचा निर्णय त्यांचा. पण ज्यांना शक्य आहे त्यांना हा पाच हजार रियालांहून मोठा फरक आधी सांगणारा कुणीतरी हवा. मुदतीचा करार संपल्यावर तो पुढे न वाढवणं आणि मुदतीच्या मध्येच राजीनामा देणं या दोन गोष्टी हिशेबात एक नाहीत, हेही त्याच वेळी सांगायला हवं.

कतारमध्ये वर्षाला किमान तीन आठवड्यांचा बेसिक. ओमानमध्ये २०२३ च्या नव्या कायद्यानंतर प्रत्येक वर्षासाठी पूर्ण महिन्याचा.

हिशेब बरोबर असला तरी पैसे असतात कुठे? बहुतेक ठिकाणी कंपनीच्या ताळेबंदात, देणं म्हणून नोंदवलेल्या आकड्याच्या रूपात. वेगळी ठेव नसते. कंपनी नीट चालली तर प्रश्न येत नाही. २०१६ मध्ये सौदी ओजर ही बांधकाम क्षेत्रातली बलाढ्य कंपनी डबघाईला आली, तेव्हा हजारो भारतीय कामगार कित्येक महिन्यांच्या पगाराविना कॅम्पमध्ये अडकले. दावे नोंदवा आणि परत या, असं तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांना त्यांना सांगावं लागलं. गोव्यातल्या आणि कोकणातल्या घरांना याहून जुनी आठवण आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं आणि लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला आले. मालक परागंदा, कार्यालयं लुटलेली, वर्षानुवर्षांची ग्रॅच्युइटी हवेत. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाने इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून व्यक्तींचे दावे चुकते केले, त्यात बुडालेल्या पगाराचेही दावे होते. मात्र त्यासाठी वाट पाहावी लागली आणि नोकरीचा पुरावा लागला. कराराची प्रत, पगाराच्या पावत्या, बँकेची नोंद: पळताना माणूस या गोष्टी कुठे गोळा करतो?

यावर उपाय आहे आणि तो आखातातच अमलात आला आहे. बहारीनमध्ये मार्च २०२४ पासून मालकाला परदेशी कामगाराच्या पगाराच्या ४.२ टक्के आणि तीन वर्षांनंतर ८.४ टक्के रक्कम दर महिन्याला सामाजिक विमा संस्थेकडे भरावी लागते. ४.२ म्हणजे अर्ध्या महिन्याच्या पगाराचा साधारण बारावा भाग, ८.४ म्हणजे पूर्ण महिन्याचा. जुनीच ग्रॅच्युइटी, फक्त मालकाच्या तिजोरीबाहेर ठेवलेली. दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्त केंद्रात फेब्रुवारी २०२० पासून बेसिकच्या ५.८३ आणि पाच वर्षांनंतर ८.३३ टक्के रक्कम बचत योजनेत जाते. बँकेत काम करणाऱ्याला जे संरक्षण मिळालं, ते मचाणावर चढणाऱ्याला मिळायला नको का? स्थानिक नागरिकांसाठी निवृत्तिवेतन असतं. परदेशी मजुराच्या म्हातारपणासाठी बहुधा एवढी एकच रक्कम असते.

कायदे बदलणं या सभागृहाच्या हातात नाही. पगारपावतीचा नमुना मात्र आहे. तिच्यावर दरमहा एक ओळ छापता येते: आजच्या तारखेला जमलेली ग्रॅच्युइटी, इतके दिरहॅम किंवा इतके रियाल. संगणकात तो आकडा वर्षअखेरीच्या तरतुदीसाठी तयार असतोच. ऑफर लेटर देताना बेसिकच्या रकान्याचा अर्थ हिंदीत किंवा मराठीत पाच मिनिटं सांगता येतो. अमिरातीत दावा करायला नोकरी संपल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, हे सेटलमेंटच्या कागदाच्या तळाशी कामगाराच्या भाषेत लिहिता येतं, आणि सहीआधी त्या कागदाचा फोटो त्याला घरी पाठवू देता येतो. दुपारच्या सत्रात अशा पगारपावतीचा मसुदा चर्चेला ठेवला आहे. जेवणानंतर सगळ्यांनी तो हातात घेऊन, आपल्या कंपनीच्या पावतीशेजारी ठेवून वाचावा, ही विनंती.