माशी जन्मते कुठे?



मे म्हणजे आपल्याकडे वाळवणाचा महिना. अंगणात सोलं, ताटांत आंब्याफणसाची साठं, वाळूवर बांगडे. 1 जूनपासून मासेमारी बंद, म्हणजे पावसाळ्याची बेगमी आत्ताच करायची. आणि या सगळ्यावर माशा. गटाच्या बैठकीत आम्ही विषय काढला, तर एक काकी म्हणाल्या, "मीठ लावलेला आसा गो, माशी काय करतली?"

माशीला दात नसतात. सुकं काही खायचं तर ती आधी त्यावर लाळ आणि पोटातलं पाणी ओकते, मग विरघळलेलं सोंडेने शोषते. मघाशी ती उघड्यावरच्या शौचावर बसली असेल, तर तिथले जिवाणू पोटातून आणि केसाळ, चिकट पायांवरून साठावर उतरतात. हगवण, विषमज्वर, पटकी यांचे जिवाणू असेच पसरू शकतात. इस्रायलमध्ये सैनिकांच्या छावण्यांत सापळे लावून माशा कमी केल्या, तेव्हा शिगेला जिवाणूची हगवण 85 टक्क्यांनी घटली. 1991 साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं.

माशा दिसल्या की आपण फिनेल ओततो आणि घरच्या सुनेला बोल लावतो. पण माशी त्या घरात जन्मलेलीच नसते. ती किलोमीटरभर सहज उडते. तिचा जन्म शेजारच्या गायरीत, फणसाच्या चारखंडांत, मागीलदारी टाकलेल्या कल्ल्या-आतड्यांत. एका वेळी शंभरावर अंडी, आणि उन्हाळ्यात सात ते दहा दिवसांत अंड्याची माशी. वरून ओतलेलं फिनेल आतल्या अळीपर्यंत पोचत नाही.

म्हणून आठवडा भरायच्या आत ढीग मोडायचा. मासळीची घाण त्याच दिवशी माडाच्या मुळात खोल पुरायची, वर माती दाबायची. शेण पातळ पसरून सुकवायचं. हे एका घराने करून भागत नाही. वाडीने वार ठरवावा असं आमचं म्हणणं आहे.

वाळवण बांबूच्या मांडवावर, जमिनीपासून उंच घालावं. वर जाळी हवीच, पण पदार्थाला टेकलेली नको, नाहीतर माशी जाळीवर बसून आत ओकते. मासेमारीचं जुनं जाळं उपयोगाचं नाही, माशी आरपार जाते. मच्छरदाणीचं कापड लागतं. एकटीला ते महाग पडतं, गटाने मिळून तागा घेतला तर परवडतं. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या मांडवाची लांबी-रुंदी मोजून आणा.