जबाबात तसं का लिहिलं नाही?

सत्र न्यायालयात खुनाच्या प्रयत्नाचा खटला चालू असतो. जखमीचा शेजारी पिंजऱ्यात उभा असतो आणि बचाव पक्षाचे वकील त्याची उलटतपासणी घेत असतात. आरोपीच्या हातात कुऱ्हाड होती, असं त्याने नुकतंच सरतपासणीत सांगितलेलं असतं. वकील पोलिसांनी घेतलेला त्याचा जबाब काढतात. त्यात कुऱ्हाडीचं नाव नाही. ‘हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का?’ ‘होय, सांगितलं होतं.’ ‘मग जबाबात तसं का लिहिलं नाही?’ महाराष्ट्रातल्या कोर्टांच्या कागदपत्रांत यावरचं उत्तर वारंवार वाचायला मिळतं: ‘त्याचं कारण मला सांगता येणार नाही.’

त्याने तरी काय सांगावं? तो जबाब त्याच्या हातचा नसतो. घाबरलेला माणूस आठवेल तसं बोलत जातो आणि हवालदार आपल्या भाषेत, तपासाला लागेल तेवढंच लिहून घेतो. त्या कागदावर साक्षीदाराची सही घेऊ नये, असं कायदाच सांगतो. पोलिसांनी लिहिलेल्या मजकुराला माणूस जखडला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. तो मजकूर पुरावा म्हणून वापरता येत नाही. पण साक्षीदाराची आजची साक्ष आणि त्या वेळचा जबाब यांत विसंगती आहे, एवढं दाखवायला मात्र तो चालतो, आणि फौजदारी खटल्यातली निम्मी लढाई तिथेच लढली जाते.

जबाबात एखादी गोष्ट लिहायची राहिली, तर तीही विसंगतीच मानायची का? तहसीलदार सिंग खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हाच वाद होता. बहुमताने सांगितलं की प्रत्येक वगळलेला तपशील विसंगती ठरत नाही. जे राहून गेलं त्यामुळे जबाबाचा अर्थच आजच्या साक्षीच्या विरुद्ध जात असेल, तरच तो मुद्दा उपयोगाचा. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत याबद्दल खास स्पष्टीकरण घालण्यात आलं. विसंगती सिद्ध करायची रीतही ठरलेली आहे. जबाबातला नेमका भाग साक्षीदाराला वाचून दाखवावा लागतो, त्या भागावर खूण केली जाते, आणि साक्षीदाराने तो नाकारला तर नंतर तपासी अंमलदाराला विचारावं लागतं की हे त्याने सांगितलं होतं का. साक्षीदाराला न दाखवताच युक्तिवादात एकदम ‘हा खोटं बोलतो’ म्हणता येत नाही. ही रीत किचकट वाटते, पण तिच्यामुळे साक्षीदाराला आपलं म्हणणं मांडायची संधी मिळते.

उलटतपासणी हा आरोपीचा हक्क आहे आणि तो अबाधित राहायलाच हवा. खोट्या साक्षीवर निरपराध माणूस तुरुंगात जाणं याहून मोठा अन्याय नाही. पण प्रत्येक चूक म्हणजे खोटेपणा नव्हे. गुजरातच्या भोगीनभाई खटल्यात १९८३ साली न्यायमूर्ती ठक्कर यांनी हे फार माणुसकीने मांडलं. घटना अचानक घडते, बघणारा तिच्यासाठी तयार नसतो; वेळ आणि अंतर माणसं अंदाजाने सांगतात; कोर्टाच्या वातावरणाने आणि वकिलांच्या भडिमाराने साधा माणूस गोंधळतो. गाभा खरा असेल तर अशा किरकोळ फरकांवरून साक्ष फेकून देऊ नये, असं त्यांचं म्हणणं.

फितूर साक्षीदाराचंही असंच आहे. सरकारी वकील कोर्टाची परवानगी घेऊन स्वतःच्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतात, तेव्हा बाहेर लोक म्हणतात, ‘केस गेली.’ तसं नसतं. त्याची साक्ष आपोआप पुसली जात नाही. तिच्यातला जो भाग इतर पुराव्याशी जुळतो, तो न्यायाधीशाला स्वीकारता येतो.

विश्वासार्हतेवरच्या हल्ल्याचं सगळ्यात क्रूर रूप मात्र वेगळंच होतं, आणि ते कायद्यातच लिहिलेलं होतं. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातलं १५५ वं कलम साक्षीदाराची विश्वासार्हता खोडण्याचे मार्ग सांगत होतं. त्याला ओळखणाऱ्यांनी तो भरवशाचा नाही असं सांगणं, त्याने लाच घेतली हे दाखवणं, आधीची विसंगत विधानं पुढे आणणं, हे तीन समजण्यासारखे. चौथा बलात्काराच्या खटल्यांसाठी होता: फिर्यादी स्त्री एकंदरीत अनैतिक चारित्र्याची आहे, असं आरोपीने दाखवावं.

महाराष्ट्राने याच वृत्तीचा परिणाम देसाईगंज प्रकरणात पाहिला. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, मार्च १९७२ मध्ये, एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर पोलीस ठाण्यातच बलात्कार झाल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवलं, तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचं म्हटलं, आणि दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, हा तिथला एक मोठा मुद्दा होता. पोलीस ठाण्यात, पोलिसांच्या ताब्यात, त्या मुलीने किती प्रतिकार करायचा होता? उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून हाच सवाल केला. देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ साली कायदा बदलला: ताब्यातल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं.

चारित्र्याचं ते कलम मात्र तसंच राहिलं. पुढची जवळपास वीस वर्षं किती स्त्रियांना भर कोर्टात त्या प्रश्नांना तोंड द्यावं लागलं असेल, या विचाराने आजही संताप येतो. विधी आयोगाने १७२ व्या अहवालात, २००० साली, ते काढायची शिफारस केली आणि २००२ च्या दुरुस्तीने ते गेलं.

त्या जुन्या कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही विश्वासार्हता खोडण्याचे ते पहिले तीनच मार्ग आहेत. असभ्य प्रश्न न्यायाधीशाला रोखता येतो आणि केवळ अपमानासाठी विचारलेला प्रश्न त्याने रोखायचाच, हेही तिथे आहे. गुरमित सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच बजावलं होतं की बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्रीची उलटतपासणी चालू असताना न्यायाधीशाने मूक प्रेक्षक होऊन बसू नये. वकिलाने हरकत घेईपर्यंत थांबायचीही त्याला गरज नाही. प्रश्न तोंडातून बाहेर पडताच तो नामंजूर करता येतो.