समुद्र आमच्या दारात, पाऊस तुमच्या कपाशीवर
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आम्ही वसईचे वाडीवाले. केळी, पानवेल, सोनचाफा, मोगरा ही आमची पिके. तुम्ही कपाशी-ज्वारीचे कोरडवाहू शेतकरी. तुम्ही पावसाची वाट पाहता, आमच्याकडे साचलेले पाणी निघत नाही. मग एका मांडवात बसून बोलायचे काय? बोलायचे ते आभाळाविषयी. ते दोघांचे एकच आहे.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या समोरून, भर समुद्रातून गेले. जमिनीला लागले ते रात्री, सौराष्ट्रात. तरी मुंबईत कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला, आणि वसईत घड धरलेल्या केळी आडव्या झाल्या. आदल्याच वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळ रायगडात शिरले होते.

हा योगायोग म्हणावा काय? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला आहे. १९८२ ते २००० च्या मानाने २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापला, वादळाला इंधन मिळाले. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते बाष्प वसईच्या वेशीवर थांबत नाही. मध्य भारतात मोठ्या टापूवर एकदम कोसळणारा पाऊस १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढला, असे २०१७ च्या अभ्यासात दिसले. त्याचे पाणी मुख्यतः अरबी समुद्राचेच. सरासरी पाऊस मात्र वाढला नाही. म्हणजे पेरणीनंतर उघडीप, आणि बोंडे फुटली, कणीस भरले की धो धो. कापूस पिवळा, ज्वारी काळी.

आभाळ बदलले हे खरे, पण जमिनीवरचे माणसाने बदलले. आमच्या वाड्यांत बावखले होती. पावसाचे पाणी त्यांत साठे, जिरे, विहिरी गोड राहत. कित्येक बावखले बुजली, खाजणांवर भराव पडला. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, वसईच्या मिठागरांत माणसे अडकली. तुमच्याकडे नाले बुजवले, बांध फोडले, तेव्हा दुसरे काय झाले?

आता पैशाचे बोलू. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला तर ती अतिवृष्टी. पण यंत्र एका गावात आणि ढग दुसऱ्या शिवारात फुटला तर? केंद्राच्या २०२२ च्या दराने कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकरी सुमारे ३,४००. त्यात बियाण्याची दोन पाकिटे आणि खताचे एखादे पोते येते. निंदणी, फवारणी, वेचणी कोणाच्या खिशातून?

विम्याचेही तेच. २०२५ च्या खरिपात राज्यात एक रुपयाचा विमा बंद झाला, कपाशीचा हप्ता ५ टक्क्यांपर्यंत गेला. हप्त्याचे सोडा. त्याच वेळी स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान ही कलमे वगळली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठेवली. मंडळाची सरासरी बरी निघाली की तुमच्या शेतातला भिजलेला कापूस हिशेबातच नाही! वादळे वाढली आणि नेमके वादळाचेच कलम गेले.

म्हणून या मेळाव्यात तीन गोष्टी ठरवू या. पर्जन्यमापक आणि वारा मोजणारे यंत्र गावोगाव बसले पाहिजे, आणि त्याची नोंद रोज चावडीवर लागली पाहिजे. भरपाई पिकावर झालेल्या खर्चाच्या हिशेबाने ठरली पाहिजे. आणि बावखल असो की नाला, पाण्याची वाट बुजवायला आपण गावाने नाही म्हटले पाहिजे.

पहिल्या दोन गोष्टी सरकारकडून मिळवायच्या आहेत. तिसरीला कोणाची परवानगी लागत नाही. ती उद्यापासून सुरू करू.