बॅट मुलीच्या हातात, वही आईच्या

चाकणच्या पलीकडच्या एका गावात मी शाळा सुटल्यावर मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. मला नेहमी विचारतात, "बाई, हे क्रिकेटच ना?" क्रिकेट नाही, पण बेसबॉलचं सख्खं भावंडं म्हणा. बेसबॉलचा चेंडू लहान आणि खांद्यावरून फेकलेला. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा, बारा इंच घेराचा, आणि हात खालून फिरवून टाकलेला. टाकणारी मुलगी 43 फुटांवर उभी असते. टप्पा नाही, चेंडू सरळ अंगावर येतो. आपली स्कूटी हायवेला ताशी साठनं जाते, तेवढ्या वेगानं तो आला तर मारणारीकडे पाऊण सेकंदच असतो. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि बॅट फिरवायची.

आमच्याकडे सामान बेताचंच. पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा केला, वर सायकलची जुनी ट्यूब बसवली, त्यावर चेंडू ठेवला की झालं शिकायचं स्टँड. कंपन्यांच्या पट्ट्यात ट्रकच्या जुन्या टायरला काय तोटा? लिंबाला एक टांगलाय, मुली त्यावर बॅट मारतात. ताकद दंडातून नाही, कमरेतून येते. उसाची मोळी ट्रॉलीत टाकणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही, पोरींना मात्र महिनाभर सांगावं लागतं. हेल्मेटशिवाय मारायला उभं राहायचं नाही आणि फिरत्या बॅटजवळ कुणी थांबायचं नाही. एवढ्या दोन गोष्टींवर मी ओरडते.

पण आज सांगायचंय ते वहीबद्दल.

पहिल्या वर्षी मी वहीत फक्त हिट लिहायची. चेंडू मारून मुलगी बेसवर पोचली की एक रेघ, नाही तर शून्य. शनिवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवायची. वाटायचं, पोरी ईर्ष्येनं खेळतील. आठवीतल्या एका मुलीची चार सामन्यांत चार शून्यं झाली. सोमवारी ती आली नाही. मी घरी गेले. आई पीठ मळत होती. म्हणाली, "तिला जमत नाही तर कशाला? तुमच्याच वहीत शून्य आहे ना, बाई?" मला उत्तर देता आलं नाही. ती मुलगी पुन्हा मैदानावर आली नाही.

नंतर मी या खेळाचे आकडे नीट पाहिले. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये, जिथं खेळाडू याच्यावरच पोट भरतात, तिथंही अख्ख्या कारकिर्दीत दहापैकी चार हिट ही सरासरी कुणाला राखता आलेली नाही. दहापैकी तीन झाल्या तरी तो चांगला मारणारा समजतात. आणि मी तेरा वर्षांच्या पोरीला चार वेळात नापास केलं होतं!

आता वही वेगळी आहे. सरावात प्रत्येकीला वीस चेंडू. बाहेरचा चेंडू सोडला का? चांगल्या चेंडूवर बॅट फिरवली का? बॅटला लागला का? लागला तर ठणकून की नुसता घासून? चार रकाने, उभ्या रेघा, पाचवी आडवी. बाहेरचा चेंडू सोडणं हीसुद्धा कमाईच आहे. असे चार चेंडू सोडले की मुलीला पहिला बेस फुकट मिळतो. दर पंधरा दिवसांनी आकडे तिचे तिलाच दाखवायचे, शेजारणीचे नाही.

मला शिकवता शिकवता लिहिणं जमेना. तेव्हा बचत गटातली एक ताई पुढे आली. गटाचं रजिस्टर तीच लिहिते. खेळातलं काही कळत नव्हतं, पण तिची रेघ कधी चुकत नाही. तिचीच मुलगी गेल्या पावसाळ्यात तीन सामने कोरडी गेली. वडील कंपनीत तिसऱ्या पाळीला, घरात धाकटा भाऊ, आजीचं म्हणणं आता खेळ पुरे. ताईनं वहीच घरी नेली. जूनमध्ये वीसपैकी सहा चेंडू बॅटला लागत होते, ऑगस्टअखेर तेरा. बाहेरच्या चेंडूंमागे धावणं निम्म्यावर आलेलं. आजीला वाचता येत नाही, पण रेघा मोजता येतात. म्हणाली, "दिवाळीपर्यंत जाऊ दे."

पुढे काय, असंही बायका विचारतात. ठरलेल्या पातळीपर्यंत खेळलं तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय. पण खोटं कशाला सांगू, आमच्यातल्या बहुतेक मुली बालेवाडीच्या क्रीडासंकुलापर्यंतही जाणार नाहीत. कुणी वर्गात न बोलणारी होती, ती आता आउट नसताना आउट दिलं तर पंचाला विचारते. हे मात्र माझ्या रकान्यांत बसत नाही.

ताईची मुलगी दिवाळीनंतरही येतेच आहे. पहिली हिट लागली तेव्हा ताई रेघ मारायची विसरली, नंतर मला विचारून मारली. गेल्या आठवड्यात शेजारच्या गावच्या गटानं बैठकीत दाखवायला वही मागून नेली. अजून परत आलेली नाही. मी नवी आणलीय, दोनशे पानी.